बद्रीनाथ सरांचं ताट

बद्रीनाथ सर येणार नाहीत हे कळलं तेव्हा त्यांचं ताट वाढून झालं होतं. मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा, लिंबाची फोड, आणि खास सरांसाठी कमी तिखटाची वेगळी वाटी. ओव्हाळांच्या घरात पाहुण्यासाठी वेगळी वाटी काढणं म्हणजे मोठाच मान. एरवी ज्याला तिखट लागेल त्याने पाणी प्यावं, असा सुखदेव अण्णांचा खाक्या होता.

फोन अण्णांच्याच मोबाईलवर आला. कानाला लावून बोलणं त्यांना आता जमत नसे, त्यामुळे सगळ्या येरवड्याने ऐकावं अशा आवाजात सर बोलले.

"सुखदेवराव, माफ करा. मला नाही जमायचं."

"जेवायला?"

"जेवायलाही. आणि सूनबाईंच्या त्या समितीवरही. आमच्या मुख्याध्यापकांनी काल बोलावून घेतलं होतं. म्हणाले, दुसऱ्यांच्या शाळेच्या भानगडीत आपला माणूस कशाला? तुम्ही समजून घ्या."

"समजलो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन उपडा ठेवला.

आम्रपाली पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उद्या संध्याकाळपर्यंत तिला संस्थेला एक नाव कळवायचं होतं. कोथरूडच्या ज्या शाळेत ती ग्रंथपाल होती तिथून दिवाळीनंतर तिला निलंबित केलं होतं आणि आता चौकशी समिती बसणार होती. समितीत तिघं असतात. एक संस्थेचा माणूस, एक राज्य पुरस्कार मिळालेले शिक्षक आणि एक तिने स्वतः निवडलेला, कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी. तिचं नाव मुदतीत गेलं नाही तर उरलेले दोघंच तिचा निकाल लावणार. त्यातला एक संस्थेच्या सचिवांचा मेहुणा होता. दुसऱ्या सरांना कोणालाही नाही म्हणताना आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

तिचा गुन्हा काय, तर शाळेतली शिपाई चंपा शाळेच्या वेळात सचिवांच्या बंगल्यावर धुणीभांडी करायला पाठवली जायची, आणि आम्रपालीने ते शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवलं. आरोपपत्रात यातलं काहीच नव्हतं. तिथे होती संस्थेची बदनामी आणि वरिष्ठांशी उद्धट वर्तन.

"आता?" तिने विचारलं.

अण्णांनी चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर वाजवला.

म्हणजे सभा सुरू झाली. अण्णांनी उभी हयात चित्रकला शिकवण्यापेक्षा शिक्षक संघटना चालवण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यावर संघटना सुटली तरी सभा सुटली नव्हती. फ्रीज कुठला घ्यायचा इथपासून धाकट्या मैत्रीने बी.एड. करावं की नाही इथपर्यंत या घरात सगळं ठरावाने झालं होतं. सूचक, अनुमोदक, हात वर. मूल दहा वर्षांचं झालं की त्याला मत. आम्रपाली लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच रविवारी तिलाही मत मिळालं होतं, आणि तिने माहेरी फोन करून ते कौतुकाने सांगितलं होतं. अण्णांच्या पत्नी ललिताबाई मात्र सभेच्या वेळी हटकून ओट्यापाशी असायच्या. "ललिताचं मत अध्यक्षांबरोबर," असं अण्णा म्हणायचे आणि स्वतःचा एक हात दोनदा मोजायचे. त्यात कोणाला कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

आज तर ललिताबाई घरातही नव्हत्या. त्यांच्या शाळेत शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं केंद्र होतं, वर्ग उघडायला त्या सकाळीच गेल्या होत्या.

"विषय एकच," अण्णा म्हणाले. "प्रतिनिधी. कोणाला काही मांडायचंय?"

"मला मांडायचंय," अनिरुद्ध म्हणाला.

त्याने मोबाईल खिशात ठेवला हेच मोठं. खराडीच्या कंपनीत तो रविवारीही निम्मा तिथेच असायचा. आम्रपालीने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस तोंड उघडायच्या आधी कळतं काय येणार आहे, आणि तिला कळलं.

"आम्रपालीने तक्रार मागे घ्यावी, दिलगिरीचं एक पत्र द्यावं, आणि हे संपवावं. ठराव म्हणा, विनंती म्हणा."

"अनि, दिलगिरी कशाची? चंपा भांडी घासत होती याची?"

"तू चूक आहेस असं मी म्हणतच नाहीये. पण त्रास किती दिवस? आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग लागते, सोमवारी लॅपटॉप परत, नोकरी गेली. कोण समिती, कोण प्रतिनिधी! तुम्हाला निदान बोलावून विचारतात तरी."

"म्हणून विचारणाऱ्यांचे पाय धरायचे?"

"हक्काविरुद्ध ठराव या घरात मांडता येत नाही," अण्णांनी चमचा वाजवला. "फेटाळला."

"बाबा, तुमची सभा आहे ही. तुम्ही काहीही फेटाळा," अनिरुद्ध म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. महिनोन्‌महिने बायको पहाटे उठून नुसती बसून राहते हे तो पाहत होता. आपल्याला तिची बाजू कळते पण पेलत नाही, हे त्याला कोणाला सांगता येत नव्हतं. मग तो चिडायचा.

"मीच बसलो असतो," अण्णा म्हणाले. "किती जणांसाठी बसलोय. पण नियमात सेवेतला कर्मचारी लागतो. मी निवृत्त. घरात खाजगी शाळेच्या सेवेत आता..."

सगळ्यांच्या नजरा मैत्रीकडे गेल्या.

मैत्री कांदा चिरायचं निमित्त करून खाली मान घालून बसली होती. आता पाळी आपली, हे तिने बद्रीनाथ सरांचा फोन आला तेव्हाच ओळखलं होतं. ती शिक्षण सेवक होती, आम्रपालीच्याच संस्थेच्या हडपसरच्या शाळेत. जूनमध्ये मुदत पूर्ण होणार आणि मग कायम. कायम करायचं की नाही हे ज्यांच्या सहीने ठरणार होतं, तेच सचिव. या नोकरीची जाहिरात तिला वहिनीनेच आणून दिली होती, मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिच्याकडून नमुना पाठ घेऊन घेतला होता, मुलाखतीला नेसायला स्वतःची साडी दिली होती. हे सगळं आठवू नये असं मैत्रीला फार वाटत होतं.

"वहिनी, मला बसायला काही नाही गं," ती म्हणाली. "पण ते जूनमध्ये मला घरी पाठवतील. डायरेक्ट. कारण पण नाही देणार."

"कारण द्यावं लागतं," अण्णा म्हणाले. "आणि नात्याबद्दल म्हणाल तर नातेवाईक चालत नाही असं नियमात काही माझ्या वाचनात नाही."

"अण्णा, तुमच्या वाचनात नाही म्हणून ते थांबणार आहेत का?"

"मग आम्रपालीने काय करायचं? दोघांच्या समितीपुढे मान द्यायची? या घरातली माणसं लोकांसाठी भांडली, आणि घरच्यावर वेळ आली तर..." अण्णांचा आवाज चढला. "मी ठराव मांडतो. मैत्रीने प्रतिनिधी म्हणून बसावं. संबंधित व्यक्ती म्हणून आम्रपालीला मत नाही. हात वर करा."

त्यांनी स्वतःचा हात वर केला. अनिरुद्धने केला नाही. मैत्रीने सुरी खाली ठेवली आणि मान हलवली, नाही.

याच वेळी ललिताबाई दारात आल्या. चपला काढतानाच त्यांना कळलं होतं की सभा भरलीय, कारण इतकं शांत हे घर दुसऱ्या कशानेही होत नसे. अंगावर शाळेची निळ्या काठाची साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. झाकलेलं ताट आणि रिकामी खुर्ची बघून पाहुणा आला नाही हे त्यांनी ओळखलं, आणि मुलीचा चेहरा बघून बाकीचं.

"विरुद्ध दोन," अण्णा मोजत होते. "बाजूने एक, आणि ललिताचं मत अध्यक्षांबरोबर, म्हणजे दोन. समसमान. तेव्हा अध्यक्षांचं निर्णायक मत..."

"माझे दोन्ही हात तर इथं हायत," ललिताबाई म्हणाल्या. "वर कुणी केला?"

अण्णांचा हात वरच राहिला.

"अगं, पद्धत आहे ती आपली."

"पद्धत तुमची. मत माझं हाय. माझं विरुद्ध."

असं या घरात कधी झालं नव्हतं. अनिरुद्धने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. अण्णांनी हात खाली घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा मांडीवर ठेवला. ठराव पडला. मैत्रीला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटण्याचीच तिला लाज वाटली.

आम्रपाली आत गेली. तव्यावरची भाकरी काळी झाली होती. तिने ती उलटली आणि दुसरी बाजूही करपू दिली.

ललिताबाई मागोमाग आल्या. नळाखाली हात धुतले, पदराला पुसले.

"राग धरू नको," त्या म्हणाल्या.

"नाही धरला. मला माहीतच होतं."

"काय माहीत होतं?"

"वेळ आली की मुलगी ती मुलगी आणि सून ती सून."

"हो," ललिताबाई शांतपणे म्हणाल्या. "माझी पोर मी देणार न्हाई. तुला वाईट वाटलं तर वाटू दे. पक्की नसलेली माणसं पुढं ढकलायची नसतात, आम्रपाली. ती पहिली मोडतात. ते मला ठाऊक हाय."

"तुम्हाला तर हे सगळंच पटलं नव्हतं. पहिल्या दिवशी म्हणालात, कशाला नसती उठाठेव."

"म्हणाले होते. अजून म्हणते. घरात बसलीस, रया गेली तुझी. त्या चंपाचं काय झालं मग? जाते का बंगल्यावर?"

"नाही. बंद झालं ते."

"झालं ना बंद?" ललिताबाईंनी करपलेली भाकरी तव्यावरून उचलली. "मग बरं केलंस."

असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या. आम्रपालीला एकदम रडू आलं, आणि ते सासूसमोर नको म्हणून ती दुसरीकडे पाहू लागली. ललिताबाईंनी कमरेचा जुडगा काढून रोजच्या खिळ्याला अडकवला. प्रयोगशाळा, कार्यालय, मुलींचं स्वच्छतागृह, एकेका किल्लीला रंगीत दोरा. या घरात आल्यापासून तो जुडगा तिने रोज पाहिला होता. रात्री पाणी भरताना त्याला डोकं लागायचं म्हणून तिने एकदा तो खिळाही हलवायला लावला होता.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही कायम आहात ना?"

"आता विचारतेस? मैत्रीच्या जन्माआधीपासून."

"आणि शाळा खाजगी."

"मग काय सरकारी? सरकारी असती तर गच्ची अशी गळली नसती. न्हाई, तरी गळली असती म्हणा."

आम्रपालीने गॅस बंद केला.

ती बाहेर आली तेव्हा तिघं तशीच बसली होती. चमचा अण्णांच्या हातात होता, पण वाजवायला काही उरलं नव्हतं.

"प्रतिनिधी मी निवडायचाय ना, अण्णा? घराने नाही."

"तूच. तो तुझा अधिकार."

"मग मी आईंचं नाव देणार आहे. त्यांनी हो म्हटलं तर."

"कोणाचं?" अनिरुद्धला खरंच कळलं नाही.

"ती कशी?" अण्णा घाईने म्हणाले. "ती तर..."

"शिपाई," ललिताबाई दारातून म्हणाल्या. "म्हणा की. शिवी न्हाई ती."

"तसं नाही गं. समितीत शिक्षक..."

"नियमात शिक्षक आहे?" आम्रपालीने विचारलं. "तुम्हीच मला पाठ करून घेतलाय. सांगा ना."

अण्णांनी ते वाक्य मनात म्हटलं. कोणत्याही खाजगी शाळेतील कर्मचारी. संघटनेच्या शिबिरांत हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून समजावलं होतं, कर्मचारी या शब्दाखाली रेघ मारून. आणि दरवेळी डोळ्यांपुढे बोटांना खडू लागलेला माणूसच आला होता. सकाळी स्वतःच्या आधी डबा घेऊन घराबाहेर पडणारी बाई कधी आली नव्हती. आज घरात सेवेत कोण आहे हे मोजताना तिच्यावरून त्यांची नजर सरळ पुढे गेली होती. हे लक्षात आलं तसं त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आई, तू तिथे काय बोलणार?" अनिरुद्ध म्हणाला. "समोर ती सगळी बेरकी माणसं. तुला घाबरवतील."

"घाबरलेलीच हाय मी," ललिताबाई म्हणाल्या. "न्हाई बाई, मला नको ह्यात. माझी पेन्शनची फाईल मोठ्या बाईंच्या टेबलावर हाय. दिवाळीला मी सुटणार. आत्ता कुणाच्या डोळ्यावर येऊ?"

"बघा!" मैत्री एकदम उसळली. "आईला भीती वाटली की ती खरी. मला वाटली की मी स्वार्थी. असंच वाटतंय ना सगळ्यांना?"

"मैत्री, कोणी तसं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला लागतं, दादा? बघत होतात ना सगळे माझ्याकडे!"

बाहेर शेजाऱ्यांची स्कूटर सुरू होऊन गेली. आम्रपालीने एक स्टूल ओढलं आणि सासूच्या समोर बसली.

"आई, मी मत घेत नाहीये. ठरावही नाही. मी तुम्हाला विचारतेय. नको असेल तर नको म्हणा, मी उद्या नाव न देता जाईन. तुमच्यावर राग धरणार नाही. मैत्रीवर पण नाही."

या घरात ललिताबाईंना पुष्कळदा सांगितलं गेलं होतं, समजावलं गेलं होतं, मोजलंही गेलं होतं. असं समोर बसून कोणी विचारलं की उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं, आणि त्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"सांगू का पोरांना?"

अण्णांना समजलं. त्यांनी मान खाली घातली.

"मी पक्की व्हायच्या आधी," ललिताबाई म्हणाल्या, "आमचे तेव्हाचे चेअरमन होते ना, त्यांच्या घरी जायचे मी. फरशी पुसायला, त्यांच्या म्हातारीला न्हाऊ घालायला. शाळेच्या टायमात. अनि लहान होता. एकदा म्हातारीने अंगावर तांब्या फेकला, हे बघा, भुवईवर. तुम्हाला वाटतं मी पायरीवरून पडले."

"आई!" अनिरुद्ध उठलाच.

"बस. मेली ती म्हातारी. तेव्हा ह्यांना सांगितलं होतं मी. हे संघटनेचे सेक्रेटरी. काय म्हणालात, आठवतंय?"

अण्णांनी चष्मा काढला. आपण विसरलो असं म्हणता आलं असतं. पण ते विसरले नव्हते.

"कायम होईपर्यंत सोस, म्हणालो."

"सोसलं. कायम झाले. मग कुणी परत विचारलं न्हाई." ललिताबाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळेच ऐकणं कठीण झालं. "ते चुकीचं सांगितलं असं मी म्हणत न्हाई. नोकरीवरून काढलं असतं त्यांनी तर आपण खाल्लं काय असतं? मैत्रीच्या बाबतीत आज मीही तेच केलं, दुसरं काय? पण आता माझं सोसायचं वय गेलं. आणि पक्की हाय मी."

त्यांनी आम्रपालीकडे पाहिलं.

"तिथं बघायचंय काय? चंपा बंगल्यावर जायची का न्हाई, आणि तू बोललीस ते खरं का खोटं, एवढंच ना?"

"एवढंच. पण ते आडवळणाने विचारतील."

"विचारू दे. शिपायाला बंगल्यावर पाठवताना हजेरी कशी मांडतात, परत आल्यावर ती कुठल्या दारानं आत येते, मला शिकवणार हायत का ते? लिही माझं नाव."

"आणि पेन्शन?" मैत्रीने हळूच विचारलं.

"अडवली तर तुझी वहिनी हाय की अर्ज करायला. तिला तीच तर खोड हाय."

आम्रपाली रडता रडता हसली. अनिरुद्धने बॅगेतून कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला, तिच्या हाताशी पेन दिलं आणि हात तिथेच, तिच्या हातावर ठेवला. सकाळपासून तो पहिल्यांदाच तिच्याजवळ आला होता.

"ठरावात घ्यायचं का, बाबा?" त्याने विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी चमचा ताटाकडेला ठेवला. "हा ठरावाचा विषय नाही. कधीच नव्हता."

आम्रपालीने वरची ओळ लिहिली, संस्थेचा पत्ता लिहिला, नाव लिहिलं. सौ. ललिता सुखदेव ओव्हाळ. मग थांबली.

"हुद्दा?"

"शिपाई लिही. सगळं नीट लिही, नंतर बोलायला जागा नको."

संमतीची सही करताना ललिताबाईंनी पगाराच्या दिवशी करायच्या तशीच ती सावकाश केली, प्रत्येक अक्षर वेगळं. मग पेन टोपण लावून परत दिलं.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एक सांगा. तुम्ही इतक्या चौकश्यांना बसलात. आमच्या शाळेत झाल्या तेव्हा मी चहा घेऊन आत जायचे आणि ट्रे घेऊन भिंतीपाशी उभी ऱ्हायचे. तिथं मला बसायला देतील ना?"

मैत्रीने झाकलेल्या ताटावरचं झाकण काढलं आणि गार झालेला रस्सा गरम करायला आत नेला.

"देतील," अण्णा म्हणाले. "तीन खुर्च्या असतात. तिन्ही सारख्या."

"मग ठीक हाय," ललिताबाई म्हणाल्या. बद्रीनाथ सरांसाठी मांडलेली खुर्ची त्यांनी पुढे ओढली, शाळेच्या साडीतच तिच्यावर बसल्या आणि ताटातली कमी तिखटाची वाटी उचलून बाजूला ठेवली.